पेशंट खरंच सुधारला का? छोट्या फिजिओ क्लिनिकात हे कसं मोजायचं

कोकणात तालुक्याच्या गावी एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्या फिजिओंसाठी हे लिहितोय. मी सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक सिटिंगला एकच विचारायचो, "कालच्यापेक्षा बरं वाटतंय ना?" आणि पेशंट समोर डॉक्टर उभा आहे म्हणून "हो, फरक आहे" म्हणायचा, मी तेच फाईलला लिहायचो. त्या फायलींमधून आज काहीच कळत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोजायच्या आधी धोक्याची लक्षणं बघाच. लघवी तुंबलीय, बसायची जागा बधीर झालीय, पायातली ताकद जातेय, ताप आहे, वजन उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय किंवा आंब्यावरून पडून कंबर धरलीय, तर मशीन-बिशीन काही न लावता आधी पुढे पाठवा, लघवी, बधीरपणा किंवा पायातली ताकद जाणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी.

आता मुख्य काम. पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणून एक साधी पद्धत आहे, १९९५ मध्ये कॅनडात झालेली, छापील फॉर्मही लागत नाही. पेशंटला विचारायचं की या दुखण्यामुळे कुठली तीन ते पाच कामं जड जातायत, आणि प्रत्येकाला ० ते १० मार्क द्यायला सांगायचं, ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. हर्णैच्या लिलावातून मासळी घेऊन विकायला जाणाऱ्या मावशी सांगतील, टोपली डोक्यावर घेणं ३, उकिडवं बसून मासे साफ करणं २, घरची पाखाडी चढणं ५. त्यांचेच शब्द लिहा, "फॉरवर्ड बेंडिंग" लिहू नका, कारण पुढच्या वेळी हेच शब्द वाचून विचारायचंय. सरासरी २ मार्कांनी वाढली तर खरा फरक धरायचा, एकाच कामावरून ठरवत असाल तर ३ लागतात. भाताची लावणी करणाऱ्याला लावणीचंच विचारा, चिऱ्याच्या खाणीतल्याला चिरा उचलण्याचं.

गुडघेवाल्यांसाठी सोबत खुर्चीची टेस्ट: साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी, ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उठता आलं ते मोजायचं. खुर्ची दर वेळी तीच पाहिजे.

मशीनबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पेशंट "करंट लावा" म्हणून येतो आणि आपणही लावतो, पण उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेची २०१६ ची कंबरदुखीची गाईडलाईन आयएफटी, टेन्स (ही दोन्ही करंटची मशीनं) आणि उपचारासाठीचं अल्ट्रासाऊंड देऊ नका असं सरळ सांगते, व्यायाम आणि हालतं राहणं यावर भर देते. एमआरआयचंही तसंच, "मणक्यात गॅप आलाय" ऐकून माणूस वाकायलाच घाबरतो. त्याला सांगा की २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीही ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. हे नीट समजावलं की माणसाचा चेहरा बदलतो, पाच मिनिटं जातात पण द्या.

वाचायला पेड्रो वापरा, सिडनीहून १९९९ पासून चालणारा फिजिओथेरपीचा फुकट डेटाबेस, त्यात ट्रायलना, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांना, ते किती नीट केलेत यावर १० पैकी मार्क दिलेले असतात. त्यातला एक मार्क कशाचा आहे बघा: सुरुवातीला घेतलेल्या ८५ टक्क्यांहून जास्त लोकांचं मोजमाप शेवटी मिळालं का. हीच आपली दुखरी नस आहे. जूनमध्ये लावणी लागली की अर्धे पेशंट गायब, गणपतीला आलेला चाकरमानी तीन सिटिंग घेऊन मुंबईला परत, आणि आपण उरलेल्यांचेच आकडे धरून "माझ्याकडे सगळे बरे होतात" म्हणतो. न आलेला बरा झाला म्हणून आला नाही, की कंटाळून हाडवैद्याकडे गेला? सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन करा, तीच कामं वाचून दाखवून मार्क विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. फोन लागला नाही तर तेही वहीत लिहा, ती ओळ गाळू नका.

आणि मार्क वाढले म्हणजे आपल्या ट्रीटमेंटनेच वाढले असं लगेच म्हणू नका हं, माणूस दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हाच दारात येतो, त्यानंतर थोडं कमी होणारच होतं, उसण तर कित्येकदा आपोआपही उतरते. म्हणून ट्रीटमेंटचा दावा करायचा तर तुलना लागते. तशी ट्रायल करायची ठरवलीत तर जवळच्या फिजिओ कॉलेजला धरा, एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नोंदणी करा, २००७ पासूनची ट्रायलची आपली सरकारी नोंदवही आहे, पैसे लागत नाहीत. संमतीपत्र साध्या मराठीत लिहा, सही घ्यायच्या आधी मावशींना वाचून दाखवा, आणि "नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत" हे पहिल्याच ओळीत येऊ दे.