ऑफिस आणि ट्रॅक, दोन्हीसाठी एकच अलाइनमेंट (म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी)

माझी 1999 ची माझदा मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार रोज कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ऑफिसला जाते आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर. ट्रेलर नाही, दुसरी गाडी नाही. जी सेटिंग घेऊन हायवेनं जायचं, तीच घेऊन वळणं मारायची आणि तीच घेऊन घरी यायचं.

पहिल्या वेळी कंपनीच्या सेटिंगवरच गेलो. तिथलं दोन नंबरचं वळण डावीकडचं, लांबलचक, संपता संपत नाही. दुपारपर्यंत उजव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा किसणीवर घासल्यासारखा झाला. आतली दोन बोटं रुंदी मात्र कोरी करकरीत. वळणात गाडी बाहेर झुकते, तिच्याबरोबर चाकही कलतं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून चाकाचा माथा आधीच थोडा आत कलवून ठेवायचा. हाच निगेटिव्ह कॅम्बर.

यावर सगळे विचारतात, मग रस्त्यावर टायर आतून खाणार नाही का? थोडा खातो. पण टायरचा खरा शत्रू टो. चाकाचं तोंड जरा तिरकं असलं की ते प्रत्येक किलोमीटरला फरपटत जातं. कॅम्बर जास्त आणि टो चुकलेला, ही जोडी सर्वांत वाईट.

माझे आकडे: पुढे कॅम्बर उणे 2 अंश, मागेही तेवढाच. कॅस्टर (बाजूनं पाहिलं तर स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय तो कोन) 5 अंशांच्या आसपास, पण दोन्ही बाजूंना सारखा. पुढे टो शून्य, मागे एकूण 3 मिलिमीटर टो-इन (चाकांची तोंडं आत), म्हणजे प्रत्येक चाकाला दीड. मागे टो-आउट (तोंडं बाहेर) चुकूनही नको. वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट निसटते. माझी गाडी इंचभर खाली बसवलेली आहे म्हणून पुढे 2 अंश मिळतात. मूळ उंचीवर कदाचित दीडवरच थांबावं लागेल, तेही चालेल.

आता काम. चाकाचे सांधे (बॉल जॉइंट) किंवा त्यांतले रबर (बुश) ढिले असतील तर आधी ते बदला, नाहीतर तुम्ही खुळखुळा मोजत बसाल. टायरमध्ये हवा भरा, टाकी अर्धी ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाएवढ्या तांदळाच्या गोण्या ठेवा (आमच्याकडे त्या असतातच). प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरशा, मधे ग्रीस. गाडी जॅकवरून उतरली की चाकं सरकून जागेवर बसली पाहिजेत. स्टिअरिंग सरळ बांधून टाका.

कॅम्बरला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. दोरी चाकाच्या मध्यातून लोंबू द्या आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून तिचं अंतर मोजा. टायरवर मोजू नका, खाली तो फुगलेला असतो. माझ्या 15 इंची रिमच्या दोन कडांत साधारण 400 मिलिमीटर आहेत, म्हणजे एका अंशाला 7 मिलिमीटर. वरचं अंतर 14 नं जास्त आलं की झाले 2 अंश. जमीन सपाट आहे का, हे आधी पाणसळीनं बघून घ्या.

टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून तिचं अंतर मोजा, पण ती गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी. मियाटाची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद बसतात, त्यामुळे पुढच्या चाकाच्या मध्यापाशी (हब) दोरीचं अंतर दर बाजूला सेंटिमीटरभर जास्त दिसेल. ते तसंच राहू द्या.

चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याला (आर्म) प्रत्येक चाकापाशी दोन एक्सेंट्रिक बोल्ट असतात, म्हणजे फिरवले की दांडा आत-बाहेर सरकवणारे. जुन्या गाडीत ते बुशमध्ये गंजून बसतात, म्हणून चार दिवस आधीपासून रोज तेल मारा. मूळ जागेवर रंगाची खूण करा. आधी मागचं, मग पुढे कॅम्बर-कॅस्टर आणि सगळ्यात शेवटी टो. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच.

हा क्रम मी एकदा मोडला. ट्रॅकच्या आदल्या रात्री पुढचा कॅम्बर वाढवला, टो सकाळी बघू म्हटलं आणि राहिलाच. गाडी छान पळत होती, म्हणून पुढे दोन महिने तशीच चालवली. मग एकदा चाक काढलं तर टायरच्या आतल्या कडेला रबराखालच्या तारा दिसत होत्या.

ट्रॅकवरून पिटमध्ये (गाडी थांबवायच्या जागेत) आलात की सुईचा पायरोमीटर (तापमापक) टायरमध्ये टोचून आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन तापमानं लिहा. रमतगमत आलात तर सरळ रस्त्यावर आतली कड तापते आणि आकडे फसवतात. आत पाच-सात अंश सेल्सिअस जास्त असेल तर ठीक. बाहेर जास्त असेल तर कॅम्बर अजून हवा. मध्येच जास्त असेल तर हवा कमी करा. पिटमध्ये मात्र फक्त हवेशी खेळा. बोल्टला पाना लावायचा तो घरी, फरशांवर.