जुन्या पद्मिनीची चासी मजबूत करायला शिकताना

आयटीआय करून जुन्या गाड्यांच्या कामात येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी वेल्डिंग गन हवी असते. मी हातात हातोडी आणि मोजपट्टी देतो. सोलापुरात एमएच 13 नंबरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाड्या अजून बऱ्याच आहेत आणि मालकांचा त्यांच्यावर जीव आहे. ते काम शिकण्यासारखं आहे, पण शिकायचा क्रम चुकवू नका.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडीच भार पेलते, त्यात दाराखालचा सिल, म्हणजे पत्र्याचा लांब पोकळ भाग, सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर हातोडीने हलकेच ठोकत पुढून मागे जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेला बद्द वाजतो. तिथे अंडरकोटिंग (गाडीच्या खालून मारलेला गंजरोधक थर) फुगलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर टेकवून बघा. कधी कधी तो जोर न लावताच आत जातो. असल्या पत्र्यावर नवी पट्टी मारून काही उपयोग नाही. गंज कापून निरोगी पत्र्यापर्यंत जायचं, मगच मजबुती.

सिल कापण्याआधी गाडीचं वजन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) सस्पेन्शनच्या जागी घ्या आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाका. दोन्ही बाजूंच्या दाराच्या चौकटींचे कर्ण मोजून ठेवा. हे टाळलं तर मधली बॉडी लवते आणि दार बसत नाही. एका गाडीवर दुसऱ्या गॅरेजमध्ये जाड लोखंडी अँगल ठोकलेला पाहिला होता. अँगल शाबूत, पण तो जिथे संपला तिथेच मूळ पत्र्याला चीर गेलेली. पातळ पत्र्यावर एकदम जाड तुकडा आला की सगळा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो. म्हणून साधारण दीड-दोन मिलिमीटरची प्लेट घ्या, टोकं निमुळती कापा आणि सलग वेल्डिंग न करता थोडं थोडं, जागा बदलत करा. बॅटरी काढलेली हवी. डिकीतली पेट्रोल टाकीही काढूनच कामाला लागा, त्यात तडजोड नको.

तयार मिळणारी स्ट्रट बार, म्हणजे पुढच्या दोन स्ट्रटची वरची टोकं जोडणारी दांडी, मारुती 800 सारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाड्यांसाठी असते. पद्मिनीला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे, भाराची वाट वेगळी. ऑनलाइन दिसली म्हणून बार मागवू नका. बोल्टवर बसणारा कुठलाही भाग पोकळ बॉक्सवर लावायचा असेल तर आत नळीचा तुकडा वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना बॉक्स चेपतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा.

मालकाशी कागदपत्रांचं आधी बोला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. 1974-75 च्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात. मूळ आकाराचा सिल बसवणं आणि नवीन सांगाडा घालणं यातला फरक मालकाला समजावून सांगा आणि शंका असेल तर आधी आरटीओत विचारून या.

शिक्षणाचं म्हणाल तर आयटीआयमधला वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स या कामाला फार उपयोगी पडतो. मोटर मेकॅनिक झालेल्यांनीही पातळ पत्र्यावर सीओटू (गॅसच्या आवरणात तारेने होणाऱ्या) वेल्डिंगचा हात बसवावा. भंगारातल्या दारांवर सराव करा, पत्रा जळायचा थांबला की गाडीला हात लावा. काम झाल्यावर सिलच्या आत मेण मारा, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा आणि काही दिवस गाडी चालवल्यावर बोल्ट व दाराच्या फटी पुन्हा तपासा.