गोऱ्हा खच्ची करायचा का, आणि केव्हा?

खच्ची करण्याआधी गोऱ्हा वळू म्हणून राखण्याजोगा आहे का, हे पाहावे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत डांगी या स्थानिक वाणाची जनावरे मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात काम करतात. वाणाचा हा गुण टिकायचा तर चांगला वळू लागतोच. खूर मजबूत, दोन्ही वृषणे व्यवस्थित उतरलेली, आई दुधाला चांगली आणि गावातल्या गाईंशी जवळचे नाते नाही, असा गोऱ्हा हातचा घालवू नये. बाकीचे खच्ची करावेत, कारण मोकळे चरणारे खोंड स्वतःच्या बहिणींनाही लागतात.

औताचा बैल हवा असेल तर घाई नको. वशिंड आणि मान भरते ती नराच्या संप्रेरकामुळे, आणि जू टेकते ते नेमके तिथेच. फार लहानपणी खच्ची केलेला बैल उंच होतो, पण मानेने बारीक राहतो. घोटीच्या बाजारात गिऱ्हाईक दात पाहण्याआधी मानेवरून हात फिरवते, ते उगाच नव्हे. त्यामुळे पहिले दोन पक्के दात येण्याच्या सुमारास, साधारण 2 ते 2.5 वर्षांचा असताना खच्ची करणे योग्य ठरते. संकरित गोऱ्ह्याला मुळात वशिंड फारसे नसते, तेव्हा थांबून काही मिळत नाही. तो लहानपणीच करावा, त्रासही कमी होतो.

पावसाळा टाळावा. दिवाळीनंतरच्या थंडीत माश्या कमी असतात आणि गोठा कोरडा असतो.

काम पशुवैद्यकाकडूनच, भूल देऊन करून घ्यावे. दगडाने ठेचण्याची जुनी रीत निव्वळ क्रूरपणा आहे. खच्ची करण्याच्या चिमट्याने करताना वृषणाकडे जाणारी, कातडीखाली पेन्सिलीएवढी जाड लागणारी शीर पिशवीच्या कडेला घेऊन चिमट्यात दाबतात. दोन्ही बाजूंच्या दाबखुणा एका रेषेत जुळू द्यायच्या नसतात, नाहीतर पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. थोडी सूज येते आणि काही दिवसांत उतरते. ती वाढली, पू दिसला किंवा जनावराने चारा सोडला, तर डॉक्टरांना लगेच बोलवावे.

सहा आठवड्यांनी वृषणे हाताने तपासावीत. एखादे अजून भरलेले लागले, तर शीर चिमट्यातून निसटली असे समजून पुन्हा दाखवावे, आणि तोवर त्याला गाईंपासून वेगळे बांधावे.