अर्ध्यावर थांबलेल्या स्पर्धेचा निकाल कसा लावायचा

भातकापणी झाली की आमच्या खानापूरकडच्या शिवारात पोरं सेव्हन्स रग्बी, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतात. मार्च 2020 मध्ये सहा रविवारांपैकी तीनच झाले आणि लॉकडाऊन लागला. ढाल कुणाची, यावरून दोन गल्ल्या अजून बोलत नाहीत. तेव्हापासून माझी गुणांची वही अशी असते.

सगळं फायनलवर टांगू नका. सेव्हन्सच्या जागतिक मालिकेत तेव्हा द्यायचे तसे दर फेरीला गुण द्या: पहिल्याला 22, दुसऱ्याला 19, तिसऱ्याला 17. पुरुषांच्या 2019-20 च्या मालिकेत दहापैकी सहाच फेऱ्या झाल्या, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या फेरीनंतर सगळं बंद. पण तक्ता तयार होता, म्हणून 30 जून 2020 ला अव्वल न्यूझीलंडला विजेतेपद देता आलं. महिलांच्या आठपैकी पाच झाल्या, तिथंही न्यूझीलंडच.

खरी मेख पुढं आहे. किती फेऱ्या झाल्या तर निकाल धरायचा, हे मैदानावर फक्की मारायच्या आधी लिहून कॅप्टनांच्या सह्या घ्या. आम्ही निम्म्या धरतो. गुण तिथल्या तिथं, गाडीच्या सीटवर वही ठेवून, बॉलपेननं लिहा. पेन्सिलीचे आकडे घरी पोचेपर्यंत बदलतात, बघितलंय मी! अर्धवट फेरीचे गुण कुणालाच नाहीत.

पुन्हा सुरू करताना येतील तेवढ्या संघांत खेळवा. 2021 ची मालिका व्हँकुव्हर आणि एडमंटन अशा दोनच फेऱ्यांत आटोपली, न्यूझीलंड आणि फिजी आलेच नाहीत. हाफ सात मिनिटांचा असला तरी बसून राहिलेल्या पोरांना आधी पाचच मिनिटं पळवा.

आणि ढालीवर नाव आधी कोरून आणू नका. एक आमच्या कपाटात पडून आहे.