पाणंद रस्त्यांवर ग्रॅव्हल सायकल: या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातल्या सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यात डांबर सोडून आत वळलं की गाड्यांचा आवाज मागे पडतो. अंजीर-सीताफळाच्या बागा, ज्वारीची रानं, मधूनच मुरमाड माळ आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या पाणंदी, शिवरस्ते, कालव्याच्या भरावावरच्या वाटा. चढ छोटे, पण एकामागून एक. ग्रॅव्हल सायकलला (रस्त्याच्या सायकलसारखीच, पण कच्च्या वाटांसाठी रुंद टायरची) याहून चांगली जमीन शोधायला नको. तरी बरेच जण पहिल्याच फेरीत सायकल ढकलत डांबरावर परत येतात. सायकल चांगली असते. रस्त्यावरच्या सवयी मात्र जशाच्या तशा आत आणलेल्या असतात.

टायरवर छापलेला आकडा म्हणजे भरायची हवा नव्हे

तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. ७० किलोच्या माणसाने ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर ३८ ते ४२. वजन जास्त असेल तर दर ५ किलोला साधारण १ पीएसआय वाढवा.

५०-६० पीएसआय भरले तर मुरमाच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, वळणावर सुट्या खड्यांवरून पुढचं सरकतं आणि तासाभरात तळहात बधिर होतात. उलट हवा फार कमी असेल तर दगडावर रिम आपटल्याचा ‘ठक्’ आवाज येतो. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली असतील तर तो काटा नव्हे, रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली आहे. ‘ठक्’ एकदा ऐकू आला की २ पीएसआय वाढवा आणि तोच आकडा लिहून ठेवा. मोठ्या पंपावरचा १६० पर्यंतचा काटा तीसच्या आसपास विश्वासाचा नसतो. वेगळा डिजिटल गेज घ्या.

काट्यांचा हिशेब

इथली खरी परीक्षा हीच. बाभळीचा लांब काटा टायर सरळ आरपार भेदतो. सराटे लहान असतात, पण एका फेरीत डझनाने घुसतात. पावसाळा सरला की मुरमाच्या कडेला ते वाळून पडलेले असतात. सगळ्यात वाईट म्हणजे तुरीची आणि कपाशीची धसकटं. ती टायरची बाजू कापतात आणि तिथे सीलंट (टायरमध्ये भरलेलं, भोक आतून बुजवणारं द्रव) सहसा टिकत नाही. म्हणून शेताच्या कडेने ‘जरा मोकळं दिसतंय’ म्हणून सायकल घालू नका. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालवा, मधल्या गवताच्या पट्ट्यावरून नको. बांध नुकताच साफ केला असेल किंवा काट्यांचं कुंपण नवं घातलं असेल, तर तेवढा तुकडा खांद्यावर सायकल घेऊन चाललेलं परवडतं.

ट्यूबलेसमध्ये ४० ते ४५ मिमीच्या प्रत्येक टायरला ८० ते ९० मिली लॅटेक्सचं सीलंट लागतं. दुकानात बसवून घेतलं आणि विसरलं, ही नेहमीची चूक. एरवी ते दोन-तीन महिने चालतं, पण मार्चपासून पुढे दर चार-सहा आठवड्यांनी पाहावं लागतं. हवा सोडा, व्हॉल्व्ह खाली आणा, त्याचा गाभा काढा आणि प्लास्टिकची बारीक केबल-टाय आत घालून बघा. ओलावा लागला नाही तर आत नुसता रबराचा पापुद्रा उरलेला आहे. तेवढंच सीलंट पुन्हा भरा.

काटा दिसला की उपटायचा, हा मोहही आवरा. ट्यूबलेसमध्ये काटा रुतलाय पण हवा जात नाही, तर घरी पोहोचेपर्यंत तोच बूच असतो. फुसफुस ऐकू येत असेल तर काटा काढा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा, मग चाक गरगरा फिरवा. तरीही बंद झालं नाही तर भोकात प्लग (रबरी वात) ठोका.

आता ज्या चुकीने एका पंक्चरची तीन पंक्चरं होतात ती. ट्यूबलेस टायर वाटेत हरलं म्हणून त्यात ट्यूब घालायची वेळ आली, तर आधीच्या महिन्यांत घुसलेले आणि सीलंटने झाकलेले सगळे काट्यांचे तुकडे आतल्या बाजूला टोकं काढून बसलेले असतात. ते न काढता ट्यूब घातली तर पहिल्या किलोमीटरमध्येच ती फुटते. टायर उलटून आतून फडकं फिरवा (बोट नको), फडकं अडकेल तिथला तुकडा छोट्या पकडीने ओढा. पकड जवळ ठेवाच, नखांनी सराट्याचं टोक निघत नाही. दोन ट्यूब, पॅच, प्लग, दोन टायर लिव्हर आणि पंप हे तर हवंच.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवेची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची असते. आपला प्रेस्टा व्हॉल्व्ह तिला बसत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. कॉम्प्रेसरने हवा क्षण-दोन क्षणच सोडायला सांगा आणि दाब स्वतःच्या गेजवर मोजा.

काळ्या मातीत जोर लावणे

मुरूम पाणी सोडतो, काळी धरून ठेवते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला थर चढत जातो. चाकाच्या पाच-सहा फेऱ्यांत फोर्क आणि मागच्या चिमट्यातली जागा भरते आणि चाक अडतं. इथे माणूस पेडलवर उभा राहतो. चिखल-काडीकचऱ्याने जाम झालेली साखळी मागच्या डेरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढते, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो आणि डेरेलर चाकाच्या आऱ्यांत शिरतो. सायकलचं एवढं मोठं नुकसान या वाटांवर दुसऱ्या कशानेही होत नाही.

चाक जड लागलं त्या क्षणी उतरा. ढकलूही नका, ढकलल्यानेही माती भरते, सायकल उचला. मातीचा थर ओला असतानाच काडीने काढा, वाळला की निघत नाही. मोठ्या पावसानंतर मुरमाची वाट अर्ध्या दिवसात चालवण्याजोगी होते, काळीला दोन ते चार दिवस ऊन लागतं. वरून भेगा पडलेली जमीन आतून ओली असू शकते, तेव्हा टाचेने दाबून बघा: ठसा चकचकीत उमटला आणि बुटाला माती आली की मागे फिरा. आणि एप्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कालव्याला आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलेलं असेल, एखाद्या उसाचा पाट फुटला असेल, तर भर उन्हाळ्यात पन्नास मीटरचा राडा मिळतो.

हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि साध्या दुकानात मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादा घ्या. वाटेत तो तुटला तर डेरेलर सोडवा, चेन-टूलने साखळी आखूड करा, समोरच्या चक्राशी सरळ रेषेत येणाऱ्या मागच्या मधल्या चक्रावर चढवा आणि क्विक-लिंक या सुट्या जोडकडीने जोडा. एका गिअरवर, हळू का होईना, घर गाठता येतं.

टायर मोठा म्हणून फ्रेमच्या मर्यादेला टेकणारा घेऊ नका. ४५ मिमी मावणाऱ्या फ्रेममध्ये पावसाळ्यात ३८ बरा.

गिअर, साखळी, धुलाई

रस्त्याच्या सायकलचे पुढे ५०/३४, मागे ११-२८ हे दाते सुट्या मुरमाच्या उभ्या चढाला पुरत नाहीत. उभं राहून जोर लावला की मागच्या चाकावरचं वजन हटतं आणि ते घसरतं. त्यामुळे बसूनच चढावं लागतं. त्यासाठी पुढे ३०, मागे ३४ किंवा पुढे एकच ४० दात्यांचं चक्र आणि मागे ४२ असा हलका गिअर हवा.

कोरड्या दिवसांत साखळीला पातळ ड्राय ल्यूब किंवा मेण. जाड तेल धूळ ओढतं आणि तीच धूळ दाते घासते. ल्यूब लावून दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. ११-१२ स्पीडची साखळी ०.५ टक्के ताणली गेली की बदला. ल्यूबचा स्प्रे ब्रेकच्या डिस्कजवळ मारू नका. ब्रेक किंचाळायला लागले तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण पॅडने तेल प्यायलं असेल तर नवे पॅड घेण्याला पर्याय नाही. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. बादली, ब्रश, साधं पाणी पुरे.

वाट चुकते ती नकाशावर

उपग्रह चित्रात ठळक दिसणारी वाट पुष्कळदा कुणाच्या तरी विहिरीपाशी संपते. भूमी अभिलेख खात्याच्या गाव नकाशात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. बांधावरून जाण्याचा जो हक्क जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे, तो शेतकऱ्याला शेतापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, आपल्या फेरीसाठी नाही. विचारून जा. काट्याची झाप बाजूला केली तर होती तशी लावा. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात वन विभागाला न विचारता सायकल घालू नका.

खडीकरण झालेला नवा पाणंद रस्ता टाळलेलाच बरा: मुरूम दाबून रोलर फिरेपर्यंत ती खडी पायाखालीसुद्धा सरकते. रस्त्यावर मळणीसाठी धान्य पसरलं असेल तर उतरून कडेने जा. काड्या डेरेलरच्या चक्रांत गुंडाळतात. वस्तीवरची कुत्री वेगाच्या मागे लागतात, म्हणून उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत पुढे व्हा. उसा-केळीच्या रानाभोवती झटका मशीनची (विजेचा धक्का देणाऱ्या कुंपणाची) बारीक तार असते आणि कधी ती वाटेवर आडवी येते, तेव्हा संध्याकाळी वेग आवरा.

वेळेचा अंदाज डांबरावरून बांधू नका. तासाला १४-१६ किलोमीटर धरा. त्या हिशेबाने ६० किलोमीटरला चार तास, शिवाय थांबणं वेगळं. माणशी ७५० मिलीच्या दोन बाटल्या, उन्हाळ्यात तीन. पाणी संपलं तर घरात मागा, कुणी नाही म्हणत नाही. ठिबकच्या टाकीतून किंवा शेडशेजारच्या पिंपातून मात्र बाटली भरू नका, त्यात खत किंवा फवारणीचं औषध कालवलेलं असू शकतं.