मुलांना नवा शब्द शिकवताना वाक्य कसं बेतावं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी घरांतली पुष्कळ मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. पाचवीतला मुलगा आजीशी मराठीत तासभर गप्पा मारेल, पण दुसरीच्या पुस्तकातलं पान वाचताना अडखळेल. म्हणून वाक्याची पातळी इयत्तेवरून ठरवू नका. एक पान मोठ्याने वाचायला सांगा. चार-पाच ठिकाणी अडला तर त्याहून सोपं पुस्तक घ्या. जिथे अडखळणं थांबेल, तिथून सुरुवात करा.

शब्द असा निवडा, जो मुलाला येत नाही पण पुढे वारंवार भेटणार आहे. ‘ओसरणे’ घेऊ. पावसाळ्यात मलप्रभा दुथडी भरून वाहते, तेव्हा प्रसंग शोधत बसावं लागत नाही.

नवशिक्यासाठी: ‘काल रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. आज पाणी ओसरलं. आता रस्ता दिसतो.’

थोडं वाचणाऱ्यासाठी: ‘मलप्रभेचा पूर ओसरला आणि बुडालेला पूल पुन्हा दिसू लागला.’

सरावलेल्यासाठी: ‘दुपारी तावातावाने भांडणाऱ्या काकांचा राग संध्याकाळपर्यंत ओसरला आणि त्यांनीच सगळ्यांना कुंदा वाटला.’

तिसऱ्या वाक्यात पाणी नाही, राग आहे. वाक्य लांबलं, अर्थही पुढे सरकला. बाकीचे शब्द मात्र ओळखीचेच ठेवायचे. एका वाक्यात दोन अनोळखी शब्द आले की मूल दोन्ही सोडून देतं.

वाक्य जमलं का, हे तपासायला नव्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, इथे काय असेल? नुसतं ‘पूर ओसरला’ लिहिलं तर ‘आला’, ‘वाढला’ काहीही बसतं. बाजारातल्या बऱ्याच सराव-पुस्तिकांतली वाक्यं इथेच नापास होतात.

देवनागरी वाचायला वेळ लागत असेल तर वाक्य तुम्ही वाचा. फक्त नवा शब्द मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा.

आता मुलाची पाळी. ‘वाक्यात उपयोग कर’ म्हटलं की चेहरा पडतो. त्याऐवजी विचारा, ‘बाजारच्या दिवशी गर्दी कधी ओसरते?’ ‘ताटातला भात ओसरला’ असं उत्तर आलं तर हसून घ्या, मग सांगा: चढलेलं, भरून आलेलं हळूहळू उतरतं तेव्हाच ते ओसरतं; भात आपण संपवतो. आणि मूल ‘पाऊस ओसरूलाय’ म्हणालं तर चूक म्हणून खोडू नका. आपल्या भागात बोलतात तसंच ते बोललं. वाक्य तसंच लिहून घ्या, खाली ‘पाऊस ओसरतो आहे’ लिहा. दोन्ही वाचू द्या.

दिवसाला एक शब्द पुरे. दोन-तीन दिवसांनी तोच शब्द नव्या वाक्यात परत आणा. ‘निवळणे’, ‘मावळणे’ हे जवळचे शब्द मात्र त्याच आठवड्यात घेऊ नका, एकमेकांत मिसळतात. ‘ओसरणे’ मुलाच्या बोलण्यात न विचारता आलं, की मग हे दोन शब्द शिकवायला घ्या.