हळुवार म्हणजे हळू नव्हे: चिपवर पेशी वेगळ्या करताना माझे सहा महिने कसे गेले

चिप म्हणजे काचेवर चिकटवलेला पारदर्शक रबराचा तुकडा, त्यात द्रव वाहायला बारीक नाल्या (चॅनेल) असतात. त्यासाठी पीडीएमएस (सिलिकॉन रबर) आणि त्याचा घट्ट करणारा द्रव 10:1 मिसळणं, बुडबुडे काढणं, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) मारून काचेवर चिकटवणं तुम्हाला येतं असं धरून चालते. नाल्यांचा साचा बनवायला क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली लागते. आमच्या कॉलेजात ती नव्हती. तुमच्याकडेही नसेल तर हातपाय गाळू नका. आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथली क्लीनरूम वापरू देणारी आयएनयूपी योजना आहे. साचा एकदा हाती आला की त्यावरून कितीतरी चिप निघतात. माझा साचा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आला, स्टीलच्या डब्यात, माझ्या मांडीवर.

माझी चिप तिरक्या रांगांत लावलेल्या खांबांची होती. या पद्धतीचा पहिला शोधनिबंध 2004 चा. ठरावीक व्यासाहून मोठी पेशी प्रत्येक खांबाला धडकत एका बाजूला सरकते, लहान पेशी नागमोडी वळत सरळ निघून जाते. मला रक्तातल्या मोठ्या पांढऱ्या पेशी लहान लाल पेशींपासून वेगळ्या करायच्या होत्या. (एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. तिलाच दोन महिने लागतात.)

यीस्टवर सगळं झकास चाललं. इथेच पहिली फसगत होते. यीस्टला जाड पेशीभित्तिका असते, ती काहीही सोसते. यीस्टवर जमलं याचा अर्थ एवढाच, की चिप गळत नाही.

रक्त घातल्यावर पांढऱ्या पेशी चुकीच्या तोंडातून बाहेर येऊ लागल्या. ट्रायपॅन ब्लूमध्ये (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) त्या जिवंत दिसायच्या आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मेलेल्या असायच्या. माझे मार्गदर्शक सर केबिनमधूनच म्हणाले, "घर्षण जास्त होतंय, प्रवाह कमी कर." मी मिनिटाला 5 मायक्रोलिटरवरून 1 वर आले. निकाल आणखी बिघडला. मग 0.5. रात्री हॉस्टेलवर रडले.

आता हे नीट वाचा. माझा पंप बाहेरच्या टोकाने ओढायचा आणि 50 मायक्रोलिटरचा नमुना आतल्या टोकाच्या उघड्या छिद्रात असायचा. 5 च्या वेगाने तो दहा मिनिटांत संपतो, 1 च्या वेगाने पन्नास मिनिटं बसून राहतो. एप्रिल महिना, बाहेर पारा चाळिशीपार, डोक्यावर पंखा. पाणी उडत होतं, मीठ मागे राहत होतं. त्यात पीडीएमएसमधूनही पाण्याची वाफ निसटते, म्हणजे चॅनेलही सुटत नाही. द्रव खारट झाला की पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी आक्रसते. पण हे डोळ्यांना दिसत नाही! आकारमान तीस टक्के घटलं तरी 10 मायक्रॉनचा व्यास जेमतेम 9 होतो. खांबांना मात्र तेवढा फरक पुरतो, पेशी "लहान" ठरते आणि लाल पेशींबरोबर निघून जाते. ट्रायपॅन ब्लू फक्त आवरण फाटलंय का एवढंच सांगतो. फाटण्याआधी पेशीचं काय झालं ते त्याला कळत नाही.

हे मला लॅबमध्ये उमगलं नाही. आप्पा पॉवरलूमवर होते. उन्हाळ्यात शेडमध्ये ते जमिनीवर पाणी मारायचे, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. सुट्टीत घरी ते बघत उभी होते आणि एकदम पोटात गोळा आला.

घर्षणाची भीती खोटी नाही. चॅनेलची उंची निम्मी केली तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा भिंतीवरचा ताण चौपट होतो. तेव्हा गणित करा, पण आधी करा. माझ्या चिपमध्ये ताण एक पास्कलच्याही खाली होता, आणि धमन्यांत पेशी एक-दोन पास्कल रोज सोसतात.

माझं हट्टी मत: मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नका, पंपाशेजारी अर्धा तास उभे राहतात का ते बघा. माझे सर एकदा जरी येऊन उभे राहिले असते, तर त्यांनाही घाम आला असता आणि पंख्याकडे लक्ष गेलं असतं.

आता मी चिप रात्रभर पाण्यात ठेवते, छिद्रावर झाकण बसवते, भोवती ओला टिश्यू घालून सगळं डब्यात बंद करते. त्याच पेशींच्या दोन ट्यूब शेजारी असतात, एक बंद आणि एक उघडी. उघडीतल्या पेशीही मेल्या तर दोष सुकण्याचा आहे, चिपला हात लावू नका. तिन्ही ठिकाणच्या पेशी चोवीस तासांनी पुन्हा मोजा. हे टाळायला कोणी शॉर्टकट सांगितला, तर त्याने स्वतः रक्त चालवलंय का ते विचारा.

मे महिन्यात मी सकाळी सातला सुरू करते आणि दहाला पंप बंद. पंखा तर लावतच नाही. घाम येतो, येऊ दे.